श्रद्धेतील आनंद व धैर्य
(महोत्सवप्रसंगी धर्मग्रामातील मंडळींपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मागे वळून पाहावे आणि ईश्वराचे उपकार मानावेत, अशी आपली रीत आहे. स्नानसंस्कार किती झाले, देवालयास कोणी किती दान दिले, याची मोजदाद इतर वक्ते करतीलच. आम्हांस आज एकच गोष्ट विचारावयाची आहे. ज्या श्रद्धेसाठी हा सोहळा मांडला, तिने आपणांस आनंदी केले आहे काय? आणि आनंदी केले असल्यास धीटही केले आहे काय?

हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो खुलताबादच्या परिसरात. महोत्सवाच्या तयारीनिमित्त आमच्यापैकी काही जण त्या बाजूस विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या भेटीस गेलो होतो. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला, की खुलताबाद लागते. हे गाव पूर्वी रौझा म्हणून ओळखले जाई. बुऱ्हाणुद्दीन गरीब व जैनुद्दीन शिराझी या सूफी सत्पुरुषांचे दर्गे तेथे आहेत, आणि 1707 साली निवर्तलेला औरंगजेब बादशहा आपल्याच इच्छेप्रमाणे जैनुद्दीनांच्या सान्निध्यात साध्या, उघड्या कबरीत निजला आहे. त्याच गावी भद्रा मारुतीचे देऊळ आहे. हनुमान जयंतीस हजारो माणसे रात्रभर पायी चालत तेथे येतात. पलीकडे वेरूळचा घृष्णेश्वर आहे. थोडक्यात, तो सगळा मुलूखच भाविकांच्या पावलांनी मळलेला आहे.

अशा ठिकाणी मूठभर ख्रिस्ती माणसांनी कोणत्या तोंडाने जावे, असा संकोच निघताना कित्येकांस वाटत होता. पण त्या वाटेवर कोणीही आपला देव लपवून चालत नव्हता. ज्याची जी श्रद्धा, ती त्याच्या मुखावर होती, आणि तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नव्हते. आपल्या श्रद्धेचा जो संकोच आपण बाळगतो, तो पुष्कळदा शेजाऱ्याने लादलेला नसतो. तो आपल्याच मनात घर करून असतो, हे आम्हांस तेथे उमगले.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने बहात्तर शिष्यांस दोघे-दोघे करून पुढे पाठविल्याची हकीकत आहे. थैली, झोळी, जोडे काही न घेता ते निघाले. जाताना त्यांच्या मनात काय होते, हे तेथे सांगितलेले नाही. परत आले ते मात्र आनंदाने, एवढे नमूद आहे. आधी आनंद मिळेल, मग आपण निघू, असे ते म्हणाले नाहीत. ते निघाले, आणि आनंद त्यांना वाटेत भेटला. शिवाय प्रभूने त्यांस बजावले की, कार्य यशस्वी झाले म्हणून हर्ष मानू नका. तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत, यात हर्ष माना. यशावर उभारलेला आनंद अपयशाबरोबर कोसळतो. ईश्वराने आपणांस ओळखले आहे, या खात्रीवर उभारलेला टिकतो. धैर्य म्हणतात ते या दुसऱ्या आनंदाचेच अपत्य होय.

संत फ्रान्सिस द सेल्स 1594 साली शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा त्यांचे प्रवचन ऐकावयास जवळजवळ कोणीच येत नसे. आलँजच्या किल्ल्यातून तोनों गावापर्यंत ते हिवाळ्यात पायी जात. लोक येत नाहीत, तेव्हा त्यांनी पत्रके लिहून घराघरांत पोहोचविली. चार वर्षे त्यांनी सौम्यता सोडली नाही. त्यांच्याच नावाने 1838 साली सॅव्हॉय येथे स्थापन झालेल्या संघाचे मिशनरी पुढे आपल्या या भागात आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वैजापूर तालुक्यातील घोगरगावी त्यांनी मिशनचे काम आरंभिले. फादर गुरियन जाकिये यांनी तेथेच आयुष्य वेचले व तेथल्याच मातीत देह ठेवला. तो प्लेगाचा आणि 1899–1900 च्या भीषण दुष्काळाचा काळ होता. आपला प्रदेश तेव्हा नागपूर धर्मप्रांतात मोडत असे. 1955 साली तो अमरावतीत गेला आणि 1977 साली औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आज आपण ज्या वृक्षाच्या सावलीत बसलो आहोत, तो असा रुजला.

परंतु पूर्वजांचे धैर्य वाखाणणे सोपे आहे. आमची खरी कसोटी लागली ती एका छोट्या घरात. घरातील कर्ती माणसे ऊसतोडीस परजिल्ह्यात गेली होती; आजी व नातवंडे मागे राहिली होती. आम्ही त्यांच्याबरोबर जपमाळ म्हटली. प्रार्थना संपताच शेजारच्या एका तरुणाने विचारले, “ख्रिस्ती म्हणून नाव लावले, तर सवलत जाते. नाव झाकून श्रद्धा राखली, तर देव रागावेल काय?”

बंधुभगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली त्या शिखांस व 1990 साली बौद्धांस मिळाल्या, पण दलित ख्रिस्ती त्यांतून वगळलेलेच राहिले. धर्म बदलला म्हणून गावाने वागणूक बदलली असे नाही, आणि फीचा आकडाही बदलला नाही. त्या मुलास “धीर धर” एवढेच सांगून परतणे, म्हणजे रिकाम्या ताटासमोर आशीर्वाद म्हणून उठण्यासारखे झाले असते.

तेव्हा त्या आजीच बोलल्या. “देव रागावत नाही, लेकरा. पण नाव झाकलं, की आपण एकटे पडतो. एकट्याला भ्या वाटतं.” एवढे बोलून त्यांनी चुलीवर चहा ठेवला. घरात दूध नव्हते. तो कोरा चहा आम्ही सर्वांनी घेतला, आणि त्या झोपडीत त्या दिवशी जो आनंद होता, तो आम्हांस कोणत्याही सोहळ्यात आढळलेला नाही.

एकट्याला भय वाटते, हेच सत्य आहे. म्हणूनच प्रभूने दोघे-दोघे पाठविले. त्या तरुणाकडून धैर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस तेव्हाच पोहोचतो, जेव्हा त्याच्या फीचा, वसतिगृहाचा, पुस्तकांचा भार आपण सर्व मिळून उचलू, आणि न्यायाची मागणीही त्याच्या जोडीने उभे राहून करू. ज्यास मंडळी सांभाळते, त्यास नाव झाकावे लागत नाही.

यास्तव महोत्सवाच्या या वर्षी आमची एकच विनंती आहे. प्रत्येक घरातून दोघांनी निघावे आणि दूरच्या एका कुटुंबाची ओळख करून घ्यावी: कोण ऊसतोडीस गेले, कोणाचे शिक्षण अडले, कोण आजारी आहे, हे पाहून यावे व जे पाहिले ते मंडळीपुढे मांडावे. उपदेशाची शिदोरी थोडी न्यावी, ऐकण्याची तयारी पुष्कळ न्यावी. आनंद हाती आल्यावर निघू, असे कोणी म्हणू नये; तो वाटेवरच आहे.

ज्या प्रभूने त्या बहात्तरांस रिकाम्या हातांनी पाठविले व भरल्या अंतःकरणांनी परत आणिले, तो आपणां सर्वांस पाठवो व सांभाळो. आमेन.