खांदेरी आणि आपल्या पाच ओळी



तीस वर्षं जहाजावर काढून मी मिरजोळ्यात परतलो, म्हणून मला आरमारावर बोलायला सांगितलंय. शाळेत 'शिवाजी महाराजांचे आरमार' यावर पाच ओळी घोकून मार्क मिळवले होते, एवढाच माझा अधिकार! खांदेरी मला कळली ती मुंबई बंदरात शिरताना. बंदराच्या दक्षिणेला, अगदी वाटेवर ते बेट दिसतं. तिथे दुसऱ्याची चौकी बसली तर मुंबईकर इंग्रजांची झोप का उडाली असेल, हे डेकवर उभं राहिलं की समजतं.

ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन बेटावर उतरले आणि तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाचं आरमार नागावहून त्यांच्यावर चालून आलं. इंग्रजांचं 'डव्ह' आपल्या हाती लागलं, बरीचशी लहान गलबतं मुंबईकडे पळाली. पण कॅप्टन केग्विनचं 'रिव्हेंज' जागचं हललं नाही. त्याच्या तोफांपुढे आपल्याला नागावच्या खाडीत परतावं लागलं. तेव्हा त्या दिवशी आपण जिंकलो, असं मी तरी म्हणणार नाही.

जिंकलं ते बेट. आपली गलबतं उथळ बुडाची आणि वल्ह्यांची. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं लटकायची, आणि आपली माणसं रात्री अंधारातून रसद पोचवायची. तोफेला तोफ भिडवत बसले असते तर बेट गेलंच असतं. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला. शेजारच्या उंदेरीवर मात्र सिद्दी येऊन बसला आणि ती डोकेदुखी पुढे बरीच वर्षं राहिली.

आपल्या पाच ओळींत आणखी एक गोष्ट नव्हती. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रावरून इंग्रज होते आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. आपल्याच लोकांनी इंग्रजांना हात दिला. हे वाचलं तेव्हा मी जहाजावरच होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

भाट्ये इथे मायनाक भंडाऱ्यांची समाधी दाखवतात. इतक्या जवळ राहून शाळेत असताना मी एकदाही गेलो नाही. उद्या सकाळी नऊला निघतोय. माझ्या गाडीत चार जागा आहेत.