दहा सेकंदांचं यंत्र



आधी हा आवाज ऐका. हा निकॉन एफएम2, 1982 साली बाजारात आलेला. फिल्म पुढे सरकवली, लेन्सशेजारचा सेल्फ-टायमरचा हा खटका वळवला आणि बटण दाबलं. माइकजवळ धरतो. घर्रर्र… आणि साधारण दहा सेकंदांनी शटर उडालं. यात बॅटरीचं काही काम नाही, ती फक्त लाइट मीटरसाठी. खटका वळवला की आतली स्प्रिंग ताणली जाते. तिला एकदम सुटायचं असतं. पण दातेरी चाकांच्या शेवटी एक चिमुकला तुकडा इकडून तिकडे हलत राहतो आणि एकेक दात अडवत तिला सावकाश सोडतो. गजराच्या घड्याळातही हेच चालतं.

सेल्फ-टायमर म्हटलं की आपल्याला कुटुंबाचा ग्रुप फोटो आठवतो, आणि धावत येऊन कडेला उभे राहणारे काका. तो उपयोग आहेच. पण माझ्या मते या खटक्याचं मोठं काम वेगळं आहे: फोटो निघतो त्या क्षणी कॅमेऱ्याला कुणाचाही हात लागलेला नसतो. लेण्यांच्या आतला मंद उजेड घ्या. तिथे 1/8 सेकंद लागतो. ट्रायपॉड भक्कम असला तरी बटण दाबणारं बोट कॅमेरा हलवतं. टायमर लावा, दोन पावलं मागे व्हा, तोवर ती थरथर विरते.

एफएम2 याच्याही पुढे जातो. मघाशी घरघर सुरू व्हायच्या आधी एक ‘खट्’ ऐकू आलं? तो आतला आरसा वर गेला. एरवी आरसा शटर उघडण्याच्या अगदी आधी उसळतो आणि त्याचा धक्का 1/15, 1/8 अशा वेगांना फोटोत उतरतो. इथे तो सुरुवातीलाच वर जाऊन थांबतो. या कॅमेऱ्याला आरसा वर अडकवून ठेवायची वेगळी सोय नाही. ते काम टायमरच करतो. सगळ्या कॅमेऱ्यांत असं नसतं, म्हणून आपल्या कॅमेऱ्याला कान लावून बघा.

आता जपण्याविषयी. जुन्या रोलायफ्लेक्सवर किंवा घडीच्या कॅमेऱ्यावर म्युनिकच्या डेकेल कंपनीचं सिंक्रो-कॉम्पूर शटर असेल, तर लेन्सभोवती एम, एक्स, व्ही अशी अक्षरं दिसतील. व्ही म्हणजे टायमर. दुरुस्ती करणारे कारागीर बजावतात, ‘व्हीला हात लावू नका.’ ते उगाच सांगत नाहीत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात वंगण सुकून चिकट होतं, चाकं मधेच अडतात आणि टायमरबरोबर शटरही अडकून बसतं. साफसफाई न झालेल्या कॅमेऱ्यात मीही व्ही लावणार नाही. मात्र कारागिराने टायमर धुऊन सुरळीत केला असेल, तर तो जरूर वापरावा. मधूनमधून चाललेली चाकं मोकळी राहतात.

पहिली चाचणी रोल न भरता करा. आधी शटर ताणा, मग टायमर. आवाज एकसारखा हवा. अडखळत असेल तर तिथेच थांबा. जोर लावू नका आणि तेल तर अजिबात सोडू नका. ते पसरत शटरच्या पातळ पात्यांवर जातं, पाती एकमेकींना चिकटतात आणि मूळ दुखण्यापेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. काम झाल्यावर टायमर ताणलेला ठेवून कॅमेरा कपाटात टाकू नका.

आणि ग्रुप फोटो काढणाऱ्या काकांसाठी एवढंच: तुम्ही ज्याच्या शेजारी उभे राहणार, त्याच्या डोळ्यांवर फोकस करा, छिद्र एफ/8 ठेवा, बटण दाबा आणि चालत या. चार-पाच मीटर यायला दहा सेकंद पुरेसे आहेत. धावत आलेला माणूस फोटोत धापा टाकताना दिसतो.