पाच बोटांची शाळा

तुळजापूर तालुक्यात उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा सुईणींना प्रशिक्षण देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी फळ्यावर लिहिलं : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, दोरा उकळलेला, नाळेला काही लावायचं नाही. समोरच्या सहाजणींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं!

त्यातली एक मावशी म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हातानं किती बाया मोकळ्या झाल्या?" शिकताना केलेल्या आठ-दहा. तिची मोजदादच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी खडू ठेवला. मावशीनंच ती पाच कलमं हाताच्या पाच बोटांवर बसवून बाकीच्यांना पाठ करवली. करंगळीपाशी, म्हणजे नाळेपाशी, मात्र ती थांबली. आजवर ती नाळेला राख लावायची. एक बाळ आठव्या दिवशी दूध ओढेना, जबडा आवळला, अंग ताठलं. गाव म्हणालं, बाहेरची बाधा. "ती राखच व्हती का, सिस्टर?" मी धनुर्वात समजावला. राखेनं झाला की विळ्यानं, कोण सांगणार? पण पुढं करंगळी तिनं जितकी घोटून घेतली, तितकी मला कधीच जमली नसती.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू करून अशाच निरक्षर बायकांना आरोग्य शिकवलं, शिकवायलाही लावलं. आपल्या अणदूरला 'हॅलो'नं गावातल्या बायकांतून 'भारतवैद्य' घडवल्या.

2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं दवाखान्यात गेली. चांगलंच झालं. 2015 मध्ये नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्यात सुईणींचं नाव फारसं कुणी घेतलं नाही.

मावशीची नात दवाखान्यातच बाळंत झाली. मी भेटायला गेले, तर मावशी नर्सला विचारत होती, "बाई, नाळंला काय लावलं न्हाई ना?"