भुकेला कोंडा, निजेला धोंडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाला पानसुपारी दिली, पण बोलायला कधी उभी राहिले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यातून विषय घेतला आहे व्याकरणाचा! तेव्हा चुकले तर पदरात घ्या. लहान मुलांना वाक्यातले नाम कसे ओळखायला शिकवावे, याविषयी माझ्या घरी जे घडले तेवढेच सांगणार आहे.

माझी धाकटी मुलगी तिसरीत आहे. तिच्या शाळेत नाम शिकवले. 'वस्तूच्या नावाला नाम म्हणतात' हे ती घोकून आली, पण वाक्य पुढे आले की गोंधळायची. मी तिला जवळ घेतले आणि म्हटले, "अगं सोपं आहे. जे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, ते नाम." मला वाटले, केवढी सोपी युक्ती सांगितली मी!

आठ दिवसांनी चाचणी झाली. 'बाळाला भूक लागली.' यात तिने 'बाळ' लिहिले आणि 'भूक' सोडली. 'बाबांना राग आला.' यात 'राग' सोडला. 'लाल फूल उमलले.' यात 'फूल' लिहिलेच, शिवाय 'लाल' हेही लिहिले. कारण लाल रंग डोळ्यांना दिसतो ना! दहापैकी चार गुण. घरी आली ती रडतच. दप्तर टाकून म्हणाली, "आई, तू सांगितलंस म्हणून चुकलं. तुला येत नाही, तर मला शिकवू नकोस."

भगिनींनो, पोरीचे काय चुकले? खरेच बोलली ती. पण ते शब्द मला फार लागले. घरात शिकवणी लावण्याचे बोलणे निघाले. मीही म्हटले, लावा. आपली बुद्धी चुलीपुरती. तीन दिवस मी तिच्या वहीला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी रात्री जेवताना पोरगी भाकरीला नाक मुरडू लागली. माझ्या सासूबाईंनी शाळेची पायरी चढलेली नाही, सही म्हणून अंगठाच. त्या म्हणाल्या, "खरी भूक लागली म्हणजे चव विचारत नाही कुणी. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा!"

माझ्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. कोंडा दिसतो, धोंडा दिसतो; पण भूक आणि नीज कुणी पाहिली आहे? तरी त्या चारही शब्दांना सासूबाईंनी एका पंगतीला बसवले होते. 'कोंड्याला' म्हणतो तसे 'भुकेला' म्हणतो, 'धोंड्याला' म्हणतो तसे 'निजेला'. म्हणजे नाम डोळ्यांनी बघायचे नसते, कानांनी ऐकायचे असते!

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या बाईंना जाऊन भेटले. त्यांनी मला हसून घेतले नाही. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. त्यालाच आम्ही विभक्तीचे प्रत्यय म्हणतो." त्यांनीच सांगितले, की दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण 1836 साली छापले. मनात आले, त्याच्या आधी कितीतरी शतके आपल्या आयाबाया बोलतच होत्या! नियम आधी तोंडात असतो, पुस्तकात मागून येतो.

आता मी काय करते ते सांगते. वही-पेन्सिल आधी काढायचीच नाही. मेथी निवडताना म्हणायचे, "या ओट्यावरच्या दहा नावांची यादी सांग." ताट, वाटी, पाणी, मीठ, मुंगी. मग म्हणायचे, "आता न दिसणारी पाच सांग." वास, चव, थंडी, आनंद, कंटाळा. माझी पोरगी 'कंटाळा' पहिल्यांदा सांगते!

मग वाक्य घ्यायचे आणि शब्दाला दोन किल्ल्या लावून बघायच्या. पहिली किल्ली, शब्दाला 'ला', 'ने' किंवा 'त' जोडायचे. रागाने, भुकेने, फुलाला, पाण्यात. दुसरी किल्ली, शब्दाच्या आधी 'माझा, माझी, माझे' म्हणायचे. माझा राग, माझी भूक, माझे फूल. दोन्ही किल्ल्या लागल्या तर नाम. 'माझा लाल' म्हटले की मूल आपणच विचारते, "लाल काय?" फूल, झगा, चेंडू, जे उत्तर येईल ते नाम, आणि 'लाल' हे त्याचे विशेषण.

दोन किल्ल्या कशाला, असे विचाराल. कारण एक फसवते. 'मुले खेळायला गेली' यात 'खेळायला' ऐकून पोरीने लगेच नाम लिहिले. पण 'माझा खेळायला' म्हणून बघा बरे! आणि 'त्याला, तिला, मला' यांनाही 'ला' आहे. पण ती नावे नव्हेत, नावाच्या जागी बसलेली बदली माणसे. त्यांना सर्वनामे म्हणतात. उलट 'खेळ संपला' यातला 'खेळ' नाम आहे आणि 'तू खेळ' यातले क्रियापद. म्हणून शब्द एकटा उचलायचा नाही, वाक्यात बघायचा.

आणखी एक गोष्ट. 'ताटात भात वाढला' यातले नाम लिहिताना 'ताटात' नव्हे, 'ताट' लिहायचे. प्रत्यय काढला की मूळ नाव. 'भुकेला' यातली 'भु' ऱ्हस्व, पण मूळ 'भूक' दीर्घ. 'फुलाला' ऱ्हस्व, पण 'फूल' दीर्घ. असे करता करता शुद्धलेखनही सुधारते. नदी हे सामान्यनाम, गोदावरी विशेषनाम, प्रामाणिकपणा भाववाचक नाम. ही नावे सगळ्यात शेवटी. आधी ओळख, मग व्याख्या.

पुढच्या चाचणीत पोरीला दहापैकी आठ मिळाले. वही घेऊन ती आधी आजीकडे धावली. "आजी, तू मला चार नामं सांगितलीस!" सासूबाई म्हणाल्या, "मी कधी सांगितली गं? मी तर तुला मुकाट्याने जेव म्हटलं होतं."

भगिनींनो, आपल्यात कुणी चौथी, कुणी सातवी, कुणी शाळा न पाहिलेली. मुलगा तिसरीत गेला की 'आता आम्हाला काय कळतंय' म्हणून आपण वहीपासून उठतो. माझी चूक शिक्षण कमी म्हणून झाली नाही. विचारल्याशिवाय ठोकून दिले म्हणून झाली. न येणे ही लाज नव्हे, ते लपवणे ही लाज. मी तीन दिवस लपवले, ते तीन दिवस फुकट गेले.

म्हणून एक विनंती. मंडळाची ही खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. ज्यांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन तासभर यावे. भाजी निवडायला आणली तरी चालेल. मी सतरंजी घालीन. अडले तर बाईंना विचारू.