लांब शब्दांचे सांधे



आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने इंग्रजीतील शास्त्रीय शब्दांवर बोलावे, हे काहींना अनधिकाराचे वाटेल. परंतु गुंदसारख्या गावातून दहावी होऊन विज्ञानशाखेकडे गेलेली मुले पुष्कळदा विषयापाशी नव्हे, शब्दापाशी अडतात. उच्चार चुकेल या भीतीने ती वर्गात तोंड उघडत नाहीत आणि त्या मौनाला मंदपणा समजले जाते. मला हा अन्याय वाटतो.

आपल्या काळी नदीच्या खोऱ्यात धनेशाच्या चार जाती आढळतात. त्यांतील काळ्यापांढऱ्या मलबारी धनेशाचे शास्त्रीय नाव ‘अँथ्रॅकोसेरॉस कोरोनाटस’. अक्षरे मोजू गेल्यास दम लागेल; सांधे शोधावेत. ग्रीकमध्ये ‘अँथ्रॅक्स’ म्हणजे कोळसा, ‘केरास’ म्हणजे शिंग; लॅटिन ‘कोरोनाटस’ म्हणजे मुकुटधारी. चोचीवरचा तो काळा उंचवटा ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव घोकावे लागत नाही. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ सिद्ध केला, तोही पदे अशीच सुटी करून.

मात्र अर्थाचा सांधा आणि उच्चाराचा सांधा एकच असतो असे नाही. पक्षिशास्त्र म्हणजे ‘ऑर्निथॉलजी’. अर्थाने ‘ऑर्निथो’ अधिक ‘लॉजी’. जीभ मात्र ‘ऑर्-नि-थॉ-ल-जी’ असे पाच तुकडे करते आणि जोर ‘थॉ’वर देते. बायॉलजी, झूऑलजी, जिऑलजी या साऱ्यांत जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावरच पडतो. मराठीत आपण सर्व अक्षरांवर जवळजवळ सारखाच भार देतो. म्हणून ही शेवटून मोजण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. आघाताचे महत्त्व आपल्या परंपरेला नवे नाही. ‘इंद्रशत्रु’ या समासात स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजी इंद्राकडून मरणारा जन्मला. पतंजलींच्या महाभाष्यात या शब्दाचा दाखला आहे.

(कधी लोकच सांधा हलवितात. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री, ‘प्टेर’ म्हणजे पंख. जगाने मात्र ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असे तोडले, त्यातूनच ‘हेलिपॅड’ निघाले. व्याकरणाने कपाळाला हात लावावा, दुसरे काय!)

शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की नवा शब्द फळ्यावर लिहिताना अर्थाचे भाग उभ्या रेघेने तोडावेत, जोराच्या अक्षराखाली आडवी रेघ ओढावी आणि मग साऱ्या वर्गाकडून तो मोठ्याने म्हणवून घ्यावा. मागच्या बाकावरच्यांकडून आधी.