हडसनकाठची सनद



उत्तर अमेरिकेतील हडसन नदीच्या मुखातून शिरलेली समुद्राची भरती सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर आत, ट्रॉय गावापर्यंत चढते. काठावरच्या मोहिकन लोकांनी नदीला दिलेल्या नावाचा अर्थ ‘कधीही स्थिर नसणारे पाणी’ असा आहे. नकाशावर मात्र नाव चढले ते हेन्री हडसनचे. हा खलाशी इंग्रज, त्याला कामाला ठेवणारी ईस्ट इंडिया कंपनी डच, आणि नदीत त्याचा मुक्काम पुरता महिनाभरही नव्हता.

१६०९ च्या एप्रिलात त्याला हॉलंडहून पाठविले ते रशियाच्या उत्तरेकडून आशियाला जाणारा जलमार्ग शोधण्यासाठी. बर्फ आडवे आले. तेव्हा मालकांचा हुकूम बाजूला सारून त्याने ‘हाल्वे मान’ हे जहाज पश्चिमेकडे वळविले. सप्टेंबरात तो आजच्या ऑल्बनीच्या परिसरापर्यंत पोहोचला. आशियाची वाट काही सापडली नाही. सापडली बीव्हर या प्राण्याची कातडी, जिच्या लोकरीच्या टोप्यांना युरोपात मोठी मागणी होती. परतताना चकमकी झाल्या आणि काठावरची काही माणसे मारली गेली. एवढ्या भांडवलावर हॉलंडचा हक्क उभा राहिला. १६१४ साली डच संसदेने चाळीस ते पंचेचाळीस अक्षांशांमधील प्रदेशाच्या व्यापाराचा मक्ता काही व्यापाऱ्यांना दिला, आणि १६२१ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट इंडिया कंपनीला तर तह करण्याचे, किल्ले बांधण्याचे अधिकारही मिळाले. हडसनला पाठविणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली, तेव्हा तिला विजापूर दरबाराची परवानगी काढावी लागली होती. हडसनकाठी परवानगी देणारा आणि घेणारा हे दोघेही हॉलंडातच बसलेले होते!

डचांनी जमिनी विकत घेतल्या, बळकावल्या नाहीत, असे अनेकदा सांगितले जाते. १६२६ च्या नोव्हेंबरात हॉलंडात लिहिलेल्या एका पत्रात मॅनहॅटन बेट साठ गिल्डर किमतीच्या मोबदल्यात घेतल्याची बातमी आहे. त्याच पत्रात जहाजातून आलेल्या मालाचाही हिशेब आहे: बीव्हरची कातडी ७,२४६. खरेदीखत मात्र आज कोठेही उपलब्ध नाही. लेनापी लोकांच्या लेखी जमीन ही शिकारीची, पेरणीची, वस्तीची. ती वापरण्यास पाहुण्याला मुभा देता येई, पण कायमची विकून स्वतः परके व्हायचे ही कल्पनाच त्यांच्या व्यवहारात नव्हती. एका बाजूने मुभा दिली, दुसऱ्या बाजूने मालकी घेतली, आणि पुढे १६४३ मध्ये गव्हर्नर कीफ्टच्या सैनिकांनी पाव्होनिया येथे आश्रयाला आलेल्या स्त्रीपुरुषांची व मुलांची रात्रीतून कत्तल केली. खरेदीचा गोडवा गाणाऱ्यांनी ही रात्र विसरू नये.

परंतु या दाव्याचे अंतरंग खरे उघड होते ते १६२९ च्या सनदेत. चार वर्षांत पंधरा वर्षांवरील पन्नास माणसे वसविणाऱ्या भागीदाराला कंपनीने ‘पॅट्रून’ ही पदवी देऊ केली. त्याला नदीच्या एका तीरावर चार डच मैल लांबीची जमीन मिळणार होती. आतल्या बाजूस रुंदी किती, याला जवळजवळ मर्यादाच नव्हती. न्यायदानही त्याचेच. वसविलेल्या माणसाला त्याच्या लेखी संमतीवाचून चाकरी सोडून जाता येत नसे. ह्याच सनदेत वसाहतकऱ्यांनी लोकरी, तागाचे वा सुती कापड विणू नये, विणल्यास हद्दपारी, असे एक कलम आहे. का, ते हिंदी माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. आणि त्यालाच लागून कंपनीचे आश्वासन आहे की, शक्य तितके काळे गुलाम पुरविण्याचा ती प्रयत्न करील.

अशा जहागिरींपैकी खऱ्या अर्थाने टिकली ती एकच: किलियान व्हान रेन्सेलारची. हा ॲमस्टरडॅमचा जवाहिऱ्या, कंपनीचा एक संचालक. त्याने आपली जहागीर कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. १६६४ मध्ये इंग्रजांनी वसाहत जिंकली, डच निशाण उतरले. जहागीर उतरली नाही. इंग्रजांनी १६८५ साली तिला आपल्या पद्धतीने मान्यता दिली. अमेरिका स्वतंत्र झाली, राजे गेले, तरी ऑल्बनीभोवतालची हजारो कुळे रेन्सेलार घराण्याला दरसाल खंडाचा गहू, चार पुष्ट कोंबड्या आणि जनावरांसह एक दिवसाची वेठ देतच राहिली. कोकणातल्या खोताचे कूळ या यादीकडे पाहून ओळखीचे हसले असते.

१८३९ मध्ये त्या वेळचा जहागीरदार स्टीव्हन वारला आणि वारसांनी सुमारे चार लाख डॉलरची थकबाकी एकदम वसूल करावयास घेतली. हेल्डरबर्गच्या डोंगरातील शेतकऱ्यांनी नकार दिला. जप्तीवाला दिसला की डोंगरातून पत्र्याची शिंगे वाजत, आणि छापील चिटाचे झगे व मुखवटे घातलेले लोक त्याला अडवीत. ते स्वतःला ‘इंडियन’ म्हणवीत. ज्यांची भूमी आधीच गेली त्यांचाच वेष गोऱ्या कुळांनी घ्यावा, ही इतिहासाची विलक्षण थट्टा होय. १८४६ च्या न्यूयॉर्क राज्यघटनेने सरंजामी धारणाधिकार रद्द केले आणि शेतजमिनीच्या भाडेपट्ट्यास बारा वर्षांची मर्यादा घातली. तथापि आधीचे पट्टे त्याने आपोआप बुडाले नाहीत. मालकांनी हळूहळू जमिनी विकल्या, बहुतेकदा कुळांनाच.

मोहिकनांच्या वाट्याला या विजयातले काहीच आले नाही. ते तोवर मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिज सोडून टप्प्याटप्प्याने पश्चिमेला विस्कॉन्सिनपर्यंत ढकलले गेले होते. ऑल्बनीजवळच्या, एके काळी रेन्सेलारच्या जहागिरीत गेलेल्या पापस्कनी बेटावरील जमीन २०२१ साली एका भूसंवर्धन संस्थेने त्यांच्या वंशजांच्या हाती परत दिली. क्षेत्रफळ सुमारे दीडशे एकर.