मडक्याचे मोल



कामगारांच्या सभेत आम्हांस विषय शोधावा लागत नाही. पगार आणि बोनस यांवर तासभर सहज निघतो. आज मात्र आमच्या एका छंदाविषयी बोलावयाचे आहे. हाताने घडविलेली मातीची भांडी आम्ही जमवितो. आमची शाळा म्हणजे शिरोलीची फौंड्री. वाळूत माती मिसळून साचे भरण्यात आमची उमेद गेली. तेव्हा माती आणि आग यांची ओढ लागली, यात नवल नाही.

आपला कुंभार मातीत राख, घोड्याची लीद मिसळतो, चाकावर भांडे उतरवितो, थापटण्याने ठोकून त्याचे पोट वाढवितो आणि आव्यात भाजतो. ही आच साधारण ८०० अंशांच्या आसपास. म्हणून मडके पाझरते आणि पाणी गार राहते. उलट कलावंत कुंभाराचे स्टोनवेअर १२५० अंशांच्या आसपास भाजतात. ते दगडासारखे घट्ट होते. दोन्ही हातांचेच काम; परंतु एकाच्या तळाशी कर्त्याची खूण असते, दुसऱ्याच्या तळाशी काहीच नसते.

इंग्लंडात बर्नार्ड लीच यांनी १९२० साली शोजी हामादा या जपानी सोबत्यासह सेंट आयव्ह्ज येथे भट्टी उभारली, आणि अशा भांड्यांचे वेड पुढे जगभर पसरले. गंमत अशी की, त्यांचे स्नेही सोएत्सु यानागी बिननावाच्या कारागिरांची रोजच्या वापरातील भांडीच खरी सुंदर मानीत. १९३६ साली त्यांनी टोकियोत अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, घरगुती भांडी आयुष्यभर जमविली आणि १९७५ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. लांब कशाला, येथल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा सातवाहन काळातील खापरे निघाली. ती कोणाच्या हातची, हे कोणास ठाऊक!

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. बाजारात एका म्हातारीकडून दह्याचे गाडगे घेताना आम्ही दहा रुपयांसाठी घासाघीस केली. त्याच आठवड्यात एका प्रदर्शनात सहीचा पेला नऊशे रुपयांस निमूट घेतला. दोन्ही फळीवर शेजारी मांडली. सौभाग्यवतींनी किमती विचारल्या आणि म्हणाल्या, "मजुरीसाठी भांडणारे तुम्ही, मग दहा रुपये कोणाच्या मजुरीतले कापलेत?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे ठरविले, अशी कथा आहे. त्या दिवशी ते थापटणे आमच्या डोक्यावर पडले.

नऊशे रुपये जास्त झाले, असे आम्ही म्हणत नाही. त्या कलावंताचाही भट्टीचा खर्च आहे, फुटलेल्या भांड्यांचा तोटा आहे. खोट होती ती आमच्या तराजूत. सही दिसली की आम्ही कलेचे मोल देत होतो, आणि सही नसली की मातीचे! छंदाने डोळा तयार झाला, पण न्याय आला नाही, तर तो छंद काय कामाचा?

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. भांडे घेताना भाव पाडीत नाही. करणाऱ्याचे नाव, गाव विचारतो आणि लिहून ठेवतो. त्या म्हातारीचे नाव विचारावयास पुन्हा बाजारात गेलो, तर तिची जागा रिकामी होती. वहीतली पहिली ओळ अजून कोरीच आहे.

श्रोतेहो, गणपतीच्या दिवसांत आपण शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गर्दी करतो. उन्हाळ्यातही माठ घ्यावयास जावे, आणि घरी येताना माठाबरोबर करणाऱ्याचे नावही आणावे, एवढेच मागणे आहे.